रिटर्न भरलं, रिफंड कधी? तुमचे अनुभव लिहा

आयकर रिटर्न भरून, पडताळणी करून महिने उलटले, तरी पोर्टलवर ‘प्रक्रिया सुरू’ एवढंच दिसतं, असे बरेच जण माझ्या ओळखीत आहेत. ज्यांच्या घरखर्चातलाच पैसा टीडीएसमध्ये, म्हणजे मिळकतीतून आधीच कापलेल्या करात, अडकतो, त्यांना ही वाट परवडत नाही. तुमचं कुठे अडलं, कशाने सुटलं, ते लिहा. पॅन किंवा खातेक्रमांक देऊ नका.

निवृत्त शिक्षिका, सातारा
पेन्शन आणि ठेवींचं व्याज मिळूनही मला कर बसत नाही. कर बसत नाही म्हणून टीडीएस कापू नका, असं सांगणारा १५एच फॉर्म बँकेत दिला होता, तरी व्याजावर टीडीएस कापला गेला. रिटर्न जूनमध्येच भरलं. दिवाळी गेली, मग पैसे आले, व्याजासकट. रक्कम फार नव्हे, पण ह्यांची औषधं त्यातूनच येतात. उशिराचं कारण कुणी सांगितलं नाही, माझा राग त्याचा आहे. आयकर खात्याला एवढंच सांगणं, काय तपासताय ते कळवा, आम्ही कागद काढून ठेवू.

भाषांतरकार, पुणे
आमच्या बिलांतून कलम १९४जेखाली (व्यावसायिक सेवांवरचा टीडीएस) दहा टक्के कापून घेतात. कलम ४४एडीएप्रमाणे, म्हणजे व्यावसायिकांसाठीच्या अंदाजी उत्पन्नाच्या पद्धतीने, निम्मीच रक्कम उत्पन्न धरली की माझा कर शून्यावर येतो. म्हणजे वर्षातली महिन्याभराहून जास्त कमाई सरकारजमा, आणि ती परत येईपर्यंत भाडं उसनवारीवर. त्यात एका ग्राहक कंपनीने शेवटच्या तिमाहीचं टीडीएस विवरण मुदतीत, म्हणजे ३१ मेपर्यंत, भरलंच नाही. माझ्या २६एएसमध्ये, म्हणजे माझ्या नावे जमा झालेल्या कराच्या तक्त्यात, ती कपात दिसेना. आकारणी झाली ती तेवढा टीडीएस वगळून. फोन, मेल, शेवटी वकिलाचं पत्र. त्यांनी विवरण भरल्यावर मी कलम १५४खाली दुरुस्तीची विनंती टाकली, तेव्हा उरलेले पैसे मिळाले. कापून घेतलेला कर पुन्हा करदात्याकडे मागू नये, असं १९६१च्या कायद्यातलं कलम २०५ सांगतं. तरी धावपळ माझीच झाली.

नागपूर
वडिलांच्या नावावर फार जुनी, काही हजारांची करथकबाकीची मागणी होती. कागद कुणाकडेच नाहीत. रिफंड निघाला की तो या मागणीत वळता करण्याची, कलम २४५ची सूचना यायची, आम्ही असहमती नोंदवायचो, पैसे लटकायचे. २०२४च्या अंतरिम अर्थसंकल्पात २००९-१०पर्यंतच्या २५,००० रुपयांपर्यंतच्या मागण्या सोडून दिल्या, त्यात ही गेली. हे आधीच व्हायला हवं होतं.

दुबई
रिटर्न भरल्यावर त्याच्या पडताळणीला आता १२० नव्हे, ३० दिवस आहेत. भारतातला मोबाइल नंबर बंद असेल तर आधार ओटीपी येत नाही, मी नेटबँकिंगने केली. बँकेच्या विलीनीकरणात आयएफएससी (शाखेचा कोड) बदलला असेल तर खातं पोर्टलवर पुन्हा प्रमाणित करून घ्या.

कर सल्लागार, कोल्हापूर
ज्या आर्थिक वर्षात रिटर्न भरलं, ते संपल्यापासून नऊ महिन्यांपर्यंत कलम १४३(१)ची सूचना, म्हणजे रिटर्न तपासून काढलेला कर-रिफंडाचा हिशेब, खात्याला पाठवता येते. सप्टेंबर २०२५मध्ये भरलेल्याची मुदत ३१ डिसेंबर २०२६! सामान्य माणसासाठी ही फार लांब आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. वेळेत भरलेल्या रिटर्नवर टीडीएसच्या रिफंडला १ एप्रिलपासून महिना अर्धा टक्का व्याज मिळतं, पण रिफंड एकूण कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर नाही. ते व्याजही करपात्र असतं, पुढच्या रिटर्नमध्ये दाखवा.

नाशिक
मला रिफंड नव्हताच. पण घरकर्जासाठी बँकेने १४३(१)ची सूचना मागितली, आणि ती येईपर्यंत फाइल पुढे सरकली नाही. बिल्डरला हप्त्याची तारीख वाढवून मागावी लागली.