विदितचे सहा गुण आणि नाकामुरा

कोणीतरी लिहिलंय की २०२४ च्या कँडिडेट्समध्ये (बुद्धिबळाच्या जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा) १४ डावांत ६ गुण म्हणजे आपला बुद्धिबळपटू विदित गुजराथी फुसका बार. थांबा हो जरा! टोरंटोला झालेल्या या स्पर्धेचे डाव आपल्याकडे रात्री बाराला सुरू व्हायचे. दुसऱ्या फेरीच्या रात्री इथे नाशकात गंगापूर रोडला आम्ही दोघं भाऊ मोबाईलला डोळे लावून बसलो होतो. काळी मोहरी घेऊन विदितने उंट थेट नाकामुराच्या h3 घरातल्या प्याद्यावर मारला, तेव्हा धाकटा म्हणाला, "गेला उंट फुकट." अमेरिकेचा ग्रँडमास्टर नाकामुरा मात्र विचारात पडला, आणि त्याची ४७ डावांची अपराजित मालिका तिथेच संपली. नंतर दोघांच्या परतीच्या डावातही विदितनेच हरवला त्याला.

आणि तिथवर तो पोचला कसा? २०२३ च्या ग्रँड स्विसमध्ये, म्हणजे कँडिडेट्ससाठीच्या पात्रता स्पर्धेत, पहिलाच डाव हरून शेवटी ११ पैकी साडेआठ, पहिला नंबर. २००८ ला १४ वर्षांखालील जगज्जेता, २०२४ ला बुडापेस्टच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमधल्या भारताच्या सुवर्णसंघात.

एक मात्र कबूल, घड्याळ कमी उरलं की त्याचा हात डगमगतो. ते बघवत नाही.