मदत हवी आहे : तक्रारींवरून वाढप्याला कामावरून काढण्याबाबत

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील माझ्या खानावळीत अकरा जण कामाला असून, चार वर्षे जुन्या एका वाढप्याविरुद्ध दोन महिन्यांत महिला ग्राहकांच्या तीन तक्रारी आल्या आहेत; शेवटच्या वेळी पांढरा रस्सा पुन्हा मागताच त्याने वाटी आपटून "बायकांना किती लागतो रस्सा!" असे सुनावले, ते मी स्वतः ऐकले. दोनदा तोंडी समज दिली. लेखी काहीच नाही, ही माझीच चूक. गल्ल्यावरील ताईंविरुद्धच्या तक्रारी मात्र मी पोटात घालतो, असे तो म्हणतो (त्यात थोडे तथ्य आहे), आणि बाकीचे वाढपीही आता तेच बोलू लागले आहेत. नेमणूकपत्र दिलेले नाही, पगार बँकेत जमा होतो. त्याला कारणे दाखवा नोटीस देताना जुन्या तोंडी तक्रारी धरता येतील, की लेखी समजेपासूनच सुरुवात करावी लागेल?