मदत हवी आहे: घरकामाचा फायदा कुणाला किती, हे कसं मोजायचं?

मी ठाण्यात एम.ए.चा प्रबंध लिहितेय. २०२४ च्या टाइम यूज सर्व्हेनुसार (लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात, याची सरकारी पाहणी) घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, घरकाम करणारे पुरुष ८८. कष्ट कुणाचे, हे कळलं. पण लाटलेल्या पोळ्या खाल्ल्या कुणी, हे नोंदवलेलंच नाही.

स्वयंपाकाची मिनिटं माणशी समान वाटून पाहिली. दोन वर्षांचं पोर आणि शिफ्टवरून आलेला बाप सारखेच ठरतात, हे मला पटत नाही. सहा वर्षांखालच्या मुलांच्या वेळेची नोंद होत नाही, वय मात्र मिळतं. देखभालीचा वेळ वयानुसार रिग्रेशनने (कुठल्या घटकाचा किती परिणाम, हे काढायची संख्याशास्त्रीय पद्धत) वाटतेय. एकत्र कुटुंबात आजी आणि नातू दोघंही असले की गाडी अडते.

स्वतंत्र पाहणी शक्य नाही, आर (R) हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर येतं. स्वयंपाक, धुणं, झाडलोट यांना वयानुसार वेगवेगळे भार द्यायचे तर कशाच्या आधारावर?