देवराईतल्या वेली तोडून झाडं 'मोकळी' करणाऱ्यांना

रानवाट: कालच्या पोस्टखाली दोन ओळींत भागेना म्हणून वेगळा धागा. रविवारी देवराईत 'स्वच्छता' झाली म्हणे, झाडांचं रक्त पिणारी 'बांडगुळं' तोडली, आणि मांडीएवढ्या वेलाचे तुकडे खांद्यावर घेऊन फोटो! अहो, ती गारंबी आहे. बांडगूळ फांदीत मुळं घुसवतं. गारंबीची मुळं जमिनीत, अन्न तिचं ती करते, झाडाचा नुसता आधार घेते. एवढा वेल व्हायला किती पावसाळे गेले असतील?

ऐनवाला: 'नुसता आधार'? पनामात संशोधकांनी जंगलाचे ८० बाय ८० मीटरचे १६ तुकडे आखून निम्म्यांतल्या वेली २०११ मध्ये तोडल्या. २०१५ चा निष्कर्ष वाचा: वेलींमुळे जंगलाची वर्षाची कार्बन साठवण सुमारे ७६ टक्क्यांनी घटते. आमच्या मालकीच्या रानात ऐनाचं एक झाड पडलं ते पळसवेलीने जखडलेली आणखी दोन घेऊन. त्या दिवशी कुणी वेलप्रेमी फिरकला नाही.

रानवाट: ते जंगल साठ-सत्तर वर्षांचं, पुन्हा उगवलेलं. आकडा खरा, पण देवराई काय कार्बनची तिजोरी आहे? शेकरू शक्यतो जमिनीवर उतरत नाही. शेंड्याशेंड्यांतली वेलींची वाट तोडलीत तर त्याने जायचं कुठून?

ऐनवाला: शेकरू आलंच! आता डोळे पुसायचे.

चिंचेखालची: वेलतोड्यांचा विषय निघालाच आहे तर, करोनात आमच्या निंबावरची गुळवेल अख्ख्या कॉलनीने ओरबाडली. विचारायची पद्धत नाही! एक काकू तर मुळासकट घेऊन गेल्या.

डोस_मोजून: प्यायल्या असतील तर विचारपूस करा. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं छापलं होतं.

वैद्यांची_सून: आयुष मंत्रालयाने ते तेव्हाच खोडलं. गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याही वेली असतात. आमचे सासरे जन्मभर देत आले, एकाला काही झालं नाही.

डोस_मोजून: ज्यांना झालं ते पुन्हा सासऱ्यांकडे कशाला येतील?

वैद्यांची_सून: घरापर्यंत जाऊ नका. तुमच्या गोळ्यांनी काय काय होतं ते काढू का?

रानवाट: मंडळी, गारंबी!

ऐनवाला: बरं बाबा, देवराईत कोयता नको, मान्य. देवीचा कोप परवडेल, तुमचे धागे नाही परवडत. पण माझ्या ऐनांवरची पळसवेल तोडणार म्हणजे तोडणार.

रानवाट: तोडा. रोपवनात वनखातंही तोडतं. फक्त फोटोखाली 'निसर्गसेवा' लिहू नका.

चिंचेखालची: त्या निंबावरच्या उरलेल्या गुळवेलीला वरून सुतळीसारखी मुळं सुटलीत, परत जमिनीला टेकतायत. कुणाला हवी असेल तर या. शिडी आपापली आणा, आणि खोडाला हात लावायचा नाही.

डोस_मोजून: आधी लिव्हरची तपासणी करून या.