मदत हवी आहे: डाउनटाउनमधल्या दुकानाची फसाड (दर्शनी भागाची) ग्रँट, शुक्रवारी मुदत संपतेय

सुईदोरा:
जरा लवकर उत्तर द्या. आमच्या सिटीची डाउनटाउनमधल्या दुकानांसाठी मॅचिंग ग्रँट आहे. निम्मा खर्च आपला, निम्मा सिटीचा, पण त्यांच्याकडून जास्तीत जास्त १०,००० डॉलर. मला रस्त्याकडच्या काचा, दार, पाटी आणि ऑनिंग (दर्शनी बाजूचं छत) बदलायचंय. कोटेशन २२,००० चं आहे. अर्जात 'मॅचिंग फंड्स' असा रकाना आहे, तिथे काय लिहायचं? आणि चेक किती दिवसांत येतो? फोन केला की व्हॉइसमेल लागतो.

कोपऱ्यातला:
राज्य कुठलं? इमारत तुमची की भाड्याची? किती जुनी? एवढ्यावरून कोण काय सांगणार?

सुईदोरा:
ओहायो. भाड्याची. जुनी आहे, विटांची. रकान्याचं सांगा ना.

नदीकाठ:
आम्ही रेस्टॉरंटसाठी घेतली होती, इलिनॉयमध्ये. २२,००० चे निम्मे ११,००० होतात, पण सिटी १०,००० च्या वर जाणार नाही. म्हणजे तुमचे १२,०००. रकान्यात तेच लिहा, आणि ते कुठून येणार तेही: बचत की कर्ज. बँकेचं स्टेटमेंट जोडा.
चेकचं मात्र तुम्हाला वाटतंय तसं नसावं. बहुतेक ठिकाणी हे रीइंबर्समेंट असतं. सगळे २२,००० आधी तुम्ही भरायचे. मग पावत्या, वटलेले चेक, आधीचे-नंतरचे फोटो, त्यांची पाहणी, आणि मग परतावा. आम्हाला काम संपल्यावर अडीच महिने लागले. रोखीने काही देऊ नका, रोखीचा हिशेब आमचा धरला नाही. काम सुरू नाही ना केलंत?

सुईदोरा:
कॉन्ट्रॅक्टर ओळखीचा आहे, त्याला ३,००० ॲडव्हान्स दिलाय. सोमवारी त्याने जुनं ऑनिंग उतरवलं. का?

नदीकाठ:
ताई, आजच काम थांबवा! मंजुरीचं पत्र येण्याआधीचा खर्च सहसा धरत नाहीत. काही ठिकाणी आधी सुरू केलं म्हणून अख्खा अर्ज बाद होतो. लेखी करार झालाय का?

जुनी_वीट:
विटांची इमारत म्हणालात म्हणून सांगतो. कुणी सँडब्लास्टिंग सुचवलं तर साफ नाही म्हणा. विटेचा भाजलेला कठीण थर निघून जातो, मग आतला मऊ भाग पाणी पितो आणि थंडीत तुकडे पडतात. दरजा भरतानाही निव्वळ सिमेंट नको. जुन्या मऊ विटेला चुन्याचा मसाला लागतो. मसाला विटेपेक्षा कडक झाला की तडा विटेला जातो. आणि ग्रँटच्या मागे कसल्या लागता? ऐतिहासिक इमारतींसाठी २० टक्के फेडरल टॅक्स क्रेडिट आहे, ते घ्या.

कोपऱ्यातला:
त्या विटा पुसायला निघालेल्या नाहीत, काचा बदलतायत. आणि ते क्रेडिट मिळायला इमारतीच्या ॲडजस्टेड बेसिसपेक्षा, म्हणजे करासाठी धरलेल्या किमतीपेक्षा, किंवा ५,००० डॉलरपेक्षा, जे जास्त असेल त्याहून जास्त खर्च लागतो. २२,००० त काय होणार? पुन्हा यांची इमारत भाड्याची.

जुनी_वीट:
१९३६ पूर्वीच्या साध्या इमारतींना १० टक्के आहे की.

कोपऱ्यातला:
ते २०१७ च्या कर कायद्यात गेलं.

चैत्रपालवी:
दुकान हवंच कशाला? भाडं, काचा, पार्किंग. माझी बहीण एट्सी वेबसाइटवर विकते, घरबसल्या.

सुईदोरा:
माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे, माप घ्यायला माणसं समोर लागतात. करार लेखी नाही, तोंडीच.

आकडेमोड:
ग्रँटचे पैसे कुठले, हे कुणी विचारलंच नाही. सीडीबीजीचे, म्हणजे केंद्राच्या सामुदायिक विकास निधीचे, असतील तर ते फेडरल. मग २,००० डॉलरवरच्या बांधकामाला डेव्हिस-बेकन कायदा लागतो: मजुरी ठरलेल्या दराने, दर आठवड्याला पगारपत्रक. तुमचा ओळखीचा कॉन्ट्रॅक्टर तयार आहे का? त्याचं २२,००० मग २२,००० राहणार नाही.
शिवाय धंद्याला मिळालेली ग्रँट सहसा उत्पन्नात धरतात. सीपीएला, म्हणजे अकाउंटंटला, आधीच सांगा.

नदीकाठ:
आम्ही नाही भरला कर.

आकडेमोड:
म्हणजे बरोबर होतं असं नाही. दुसरं, दार बदलताय तर पायरी काढून व्हीलचेअरला वाट करा. छोट्या धंद्याला सेक्शन ४४ चं टॅक्स क्रेडिट आहे: २५० ते १०,२५० डॉलरमधल्या खर्चाच्या निम्मे, म्हणजे जास्तीत जास्त ५,०००. पण ग्रँटमधून भरून निघालेला खर्च त्यात पुन्हा दाखवता येत नाही.

पेठकर:
पाट्यांवरून आठवलं, महाराष्ट्रात आता देवनागरी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. तिकडे मराठी पाटी लावू देतात का?

कोपऱ्यातला:
पेठकर, त्यासाठी वेगळा धागा काढा.
सुईदोरा, घरमालकाची सही घेतलीत? भाडेकरूच्या अर्जाला त्याची लेखी संमती लागतेच.

सुईदोरा (गुरुवार):
सिटीतल्या बाई अखेर भेटल्या. फोनची वाट न बघता ऑफिसातच गेले. ॲडव्हान्स आणि ऑनिंग उतरवलेलं धरणार नाहीत. लेखी करार नव्हता म्हणून अर्ज घेतील. उरले १९,०००, त्याचे निम्मे ९,५००. पैसे सिटीच्या टीआयएफचे (वाढीव मालमत्ता करातले) आहेत, फेडरल नाहीत, त्यामुळे पगारपत्रक नको म्हणाल्या. ऑनिंगच्या रंगाला डिझाइन समितीची मंजुरी लागणार.
घरमालक फ्लोरिडात आहे, सही ईमेलने चालेल म्हणाल्या. पण दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशनही हवंय, उद्या पाचच्या आत. काचवाला एका दिवसात कोटेशन देतो का?

नदीकाठ:
देतो. मापं आणि फोटो आत्ताच ईमेल करा, आणि सकाळी आठला दुकान उघडायच्या आधी स्वतः जाऊन उभ्या राहा. पाटीवाला वेगळा गाठा, दोन्ही कोटेशनं मिळून चालतात का ते त्या बाईंना आजच विचारून ठेवा.