वारसा इमारतीतील कौटुंबिक वायनरी: आंबवण आत ठेवावी की बाहेर न्यावी?

कमानीखाली यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या कुटुंबाची वायनरी ज्या दगडी इमारतीत चालते ती सुमारे दीडशे वर्षांपूर्वी वाइनसाठीच बांधलेली असून गेल्या चार पिढ्या आम्ही तिथेच काम करत आहोत. खाली तळघर आहे आणि त्यात ओक लाकडाची पिंपे आहेत. या तळघराचा बहुतेक भाग कमानींचा आहे, पश्चिमेच्या टोकाला मात्र लाकडी तुळयांचे छत आहे. तळमजल्यावर आंबवणीच्या टाक्या आहेत, आणि त्यावरचा लाकडी मजला अनेक वर्षे अडगळ ठेवण्यापलीकडे कशाच्याही उपयोगी आलेला नाही. इमारत वारसा यादीत असल्यामुळे भिंती, छप्पर आणि कमानी यांना हात लावायचा तर परवानगी घ्यावी लागते, आणि तशी अट असावी असेच माझे मत आहे.

घरात सध्या दोन मते आहेत. धाकट्या भावाला जुन्या टाक्या काढून त्या जागी थंड पाणी खेळवता येणाऱ्या पोलादी टाक्या बसवायच्या आहेत आणि वरच्या मजल्यावर पाहुण्यांसाठी चवकक्ष करायचा आहे. वडिलांचे म्हणणे असे, की आपल्या वाइनचे अर्धे श्रेय या भिंतींचे आहे, तेव्हा जे जिथे आहे ते तिथेच राहू द्यावे. माझ्या मनात तिसराच विचार घोळतो आहे: आंबवण मागच्या मोकळ्या जागेत साध्या नव्या शेडमध्ये न्यावी आणि जुनी इमारत केवळ पिंपांसाठी ठेवावी. ज्यांनी अशा इमारतीत प्रत्यक्ष काम केले आहे त्यांचा अनुभव काय सांगतो?

प्रश्नाला जोडूनच एक तक्रार सांगतो. गेली दोन वर्षे काही पिंपांतील वाइनचा गंध मंदावतो आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागतो. ही वाइन अजून बाटलीत भरलेली नाही, त्यामुळे बुचाला दोष देता येत नाही. पिंपे करून देणारा कारागीर आम्ही बदलून पाहिला, पण फरक पडला नाही.

---

साल आणि गाळ यांचे उत्तर

मी वीस वर्षे आंबवणीच्या कामात आहे, म्हणून तेवढ्याच भागाविषयी लिहितो.

आपला तिसरा विचार मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, आणि त्याचे पहिले कारण वायू हे आहे. लीटरमागे २०० ग्रॅम साखर असलेला एक लीटर रस पूर्ण आंबला की त्यातून सुमारे ५० लीटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे ५,००० लीटरच्या एकाच टाकीतून २५० घनमीटर वायू निघतो, जो दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि पाच मीटर उंच दालन काठोकाठ भरण्यास पुरेसा आहे. हा वायू हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्यामुळे तळमजल्यावर निर्माण झाला तरी जिन्यावरून उतरत तळघरात जाऊन साचतो. आपल्या इमारतीत टाक्यांच्या थेट खाली माणसे काम करतात, ही रचनाच मला अस्वस्थ करते. मेणबत्ती घेऊन खाली उतरण्याची जुनी रीत अजूनही काही ठिकाणी पाळली जाते, पण तिच्यावर कृपा करून विसंबू नका. ज्योत विझेपर्यंत त्या वायूचे प्रमाण माणसाला धोकादायक पातळीच्या पुढे गेलेले असते. आंबवण कुठेही करा, पण तळघरात जमिनीलगत वायुमापक आणि जमिनीलगतची हवा ओढून बाहेर टाकणारा पंखा आजच बसवा.

दुसरे कारण उष्णतेचे आहे. तेवढीच साखर आंबताना निर्माण होणारी उष्णता बाहेर काढली नाही, तर हिशेबाने रसाचे तापमान वीस अंशांहून अधिक वाढू शकते. लाल वाइन २५ ते ३० अंशांवर आंबवतात, पांढरी त्याहून बरीच थंड ठेवावी लागते, आणि मुरवणीच्या पिंपांना तर बारा ते सोळा अंशांची वर्षभर न हलणारी थंडाई लागते. जाड दगडी भिंती ही शेवटची गोष्ट फुकट देतात, पण आंबवणीची उष्णता शोषून घेणे हे त्यांचे काम नव्हे. एका छताखाली तिन्ही कामे करायची म्हटली की यंत्रे वाढतात, आणि यंत्रे वाढली की भिंतींना भोके पडतात.

वरच्या मजल्याविषयी थोडे. एकोणिसाव्या शतकातील बऱ्याच वायनऱ्या उताराच्या तत्त्वावर बांधल्या गेल्या. कॅलिफोर्नियातील नापा खोऱ्यात हॅम्डेन मॅकिन्टायर यांनी आराखडा केलेली १८८६ सालची तीन मजली लाकडी वायनरी याचे चांगले उदाहरण आहे. द्राक्षे घोड्याच्या बळावर चालणाऱ्या रहाटाने वर चढवायची, सर्वांत वरच्या मजल्यावर चुरडायची, रस मधल्या मजल्यावर आंबवायचा आणि वाइन तळमजल्यावर मुरवायची, अशी तिची योजना होती. तेव्हा आपला अडगळीचा मजला मुळात अडगळीसाठी बांधलेला नसावा. त्याच्या फळ्यांत रस खाली सोडण्यासाठी केलेल्या जुन्या, बुजवलेल्या चौकोनी खाचा दिसतात का, ते पाहा.

---

चुन्याची निवळी यांचे उत्तर

मी जुन्या इमारतींच्या संवर्धनाचे काम करते. वरील उत्तराशी मी सहमत आहे, मात्र माझी कारणे दगड आणि चुना यांच्याशी संबंधित आहेत.

वाइन आम्ल असते, तिचा सामू साधारण ३ ते ४ असतो, आणि चुना किंवा चुनखडीचा दगड आम्लात विरघळतो. एखादा पेला सांडल्याने काही बिघडत नाही, पण आंबवणीच्या दालनात दर हंगामात रस सांडतो, टाक्या धुतल्या जातात आणि ते सगळे पाणी फरशीच्या सांध्यांतून खाली जाते. तळमजल्याच्या खालीच कमानी असतील तर कमानींच्या दगडांमधला चुना वर्षानुवर्षे या पाण्याने झिजत आला असणार. कमानींच्या खालच्या बाजूला पांढरे ओघळ किंवा लोणा, म्हणजे क्षारांचा थर, दिसत असेल, तर तो कोणत्या टाकीच्या खाली आहे हे आराखड्यावर मांडून पाहा.

येथे बहुतेक मालक एक ठरलेली चूक करतात. ओल दिसली की ते दगडांमधले सांधे सिमेंटने भरून घेतात. चुन्याच्या भिंतीत ओल शिरते तशी ती सांध्यांतून बाहेरही पडते. सिमेंटने सांधे बंद केले की तीच ओल दगडातून वाट काढते, दगडाच्या पृष्ठभागाशी क्षार साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. आपल्या वडिलांनी किंवा आजोबांनी असे काही करून घेतले असल्यास रागावू नका, त्या काळी सर्वत्र तसेच सांगितले जात असे. पुढच्या दुरुस्तीत सिमेंट हाताने, छिन्नीने काढून चुना भरून घ्या.

वजनाचाही विचार करा. २२५ लीटरचे भरलेले पिंप पावणेतीनशे किलोच्या आसपास जाते, आणि पोलादी टाकीचे सारे ओझे तिच्या चार पायांवर उतरते. कमान समान पसरलेला भार शतकानुशतके पेलते, पण मध्यावर एकवटलेले चार बिंदू ती त्याच शांतपणे पेलेल याची खात्री गणित केल्याशिवाय कोणीही देऊ नये.

आता आपल्या भावाच्या बाजूने दोन शब्द, कारण चवकक्षाची कल्पना मला वाईट वाटत नाही. १९६४ च्या व्हेनिस सनदेत असे म्हटले आहे, की वास्तू समाजोपयोगी कामासाठी वापरात राहिली तर तिचे जतन सोपे होते, मात्र त्या वापरापायी तिची मांडणी किंवा सजावट बदलू नये. नव्या गोष्टी इमारतीला चिकटवण्याऐवजी तिच्या आत सुट्या उभ्या कराव्यात, म्हणजे उद्या त्या काढल्या तरी मागे ओरखडा राहत नाही. स्पेनमधील आरो येथील लोपेस दे एरेदिया या १८७७ साली स्थापन झालेल्या कौटुंबिक वायनरीने जुनी तळघरे तशीच ठेवून, आपल्या १९१० च्या सुमाराच्या प्रदर्शनातील लाकडी दालनाभोवती झाहा हदीद यांच्याकडून नवा मंडप बांधून घेतला. फ्लॉरेन्सच्या अँटिनोरी कुटुंबाने तर शहरातील जुना प्रासाद आपल्याकडे राखून २०१२ मध्ये शहराबाहेर, टेकडीच्या पोटात नवी वायनरी उघडली. १३८५ पासून वाइनच्या व्यवसायात असलेले घराणेदेखील आपले सगळे काम जुन्या भिंतींत कोंबत नाही, हे आपल्या वडिलांना अवश्य सांगावे.

---

नासिकाग्र यांचे उत्तर

वरील दोघांनी मूळ प्रश्न हाताळला आहे, पण प्रश्नाच्या शेवटी सहज लिहिलेली तक्रार मला सर्वांत गंभीर वाटते.

ओल्या पुठ्ठ्याचा तो वास बहुधा ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल या द्रव्याचा किंवा अ‍ॅनिसोल गटातील त्याच्या भावंडांचा आहे. लोक त्याला बुचाचा दोष म्हणतात, कारण बुचातून तो वाइनमध्ये येतो हे सर्वांना माहीत आहे, परंतु ही द्रव्ये बुचाशिवायही तयार होतात. लाकडाला कीड लागू नये म्हणून पूर्वी पेंटाक्लोरोफिनॉलसारखी क्लोरीनयुक्त रसायने पाजली जात. दमट तळघरातील बुरशी त्या रसायनांचे रूपांतर करून अ‍ॅनिसोले बनवते, ती हवेत पसरतात, आणि पिंपांचे लाकूड, बुचे, प्लास्टिकच्या नळ्या, इतकेच काय पण गाळणीसाठी ठेवलेली बेंटोनाइट मातीसुद्धा ती शोषून घेते. ब्रोमीनयुक्त रसायनांपासून बनणारे ट्रायब्रोमोअ‍ॅनिसोल हाच प्रताप करते. ग्रॅमचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोग्रॅम, आणि लीटरमागे असे मोजके नॅनोग्रॅम असले तरी वाइनचा गंध मरतो. कमी प्रमाणात तर वास येतच नाही, केवळ फळाचा सुवास हरवतो आणि माणूस वर्षभर द्राक्षांना दोष देत राहतो.

म्हणून तीन गोष्टी विचारतो. बिघडलेली पिंपे तळघराच्या कोणत्या भागात होती? तेथील तुळयांना कधी वाळवीनाशक किंवा कीडनाशक लावले होते का? आणि फरशी धुण्यासाठी क्लोरीन असलेले कोणतेही द्रव्य वापरता का? वापरत असल्यास ते आजपासून बंद करा, कारण क्लोरीन, लाकूड आणि बुरशी हे तिघे एकत्र आले की हाच वास जन्माला येतो.

---

कमानीखाली

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दोन दिवस लागले, कारण वडिलांशी बोलायचे होते.

बिघडलेली अकराच्या अकरा पिंपे पश्चिमेच्या टोकाला, लाकडी छताखाली होती. वडील सांगतात, की ते तरुण असताना तुळयांना भुंगा लागला म्हणून एका कंत्राटदाराने सगळ्या तुळयांना पंपाने तपकिरी द्रव्य मारले होते आणि त्यानंतर आठवडाभर कोणाला तळघरात थांबवत नव्हते. ते दालन इतकी वर्षे रिकाम्या बाटल्यांसाठी वापरात होते. पिंपे तिथे आम्ही तीन वर्षांपूर्वी हलवली. मला हे लिहितानाही विचित्र वाटते आहे, कारण ती जागा निवडणारा मीच होतो.

कमानींवर पांढरे ओघळ आहेत, बरोबर दुसऱ्या आणि तिसऱ्या टाकीच्या खाली. वरच्या मजल्यावर चौकोनी खाचाही सापडल्या.

आता पेच असा आहे, की तुळया वारसा यादीतील इमारतीच्या मूळ तुळया आहेत. त्या काढाव्यात की ठेवाव्यात?

---

नासिकाग्र

काढण्याचा निर्णय घेण्यापूर्वी मोजून पाहा. बशीत बेंटोनाइट घालून ती त्या दालनात काही दिवस उघडी ठेवतात आणि मग प्रयोगशाळेत तपासायला देतात. एक बशी कमानींच्या भागात आणि एक नव्या शेडच्या जागीही ठेवा, म्हणजे तुलना करता येईल. तुळईचा छोटा तुकडाही सोबत द्या. वाइन मात्र आजच त्या दालनातून हलवा, आणि रिकामी झालेली ती पिंपे पुन्हा वापरू नका. लाकडात खोलवर गेलेली ही द्रव्ये धुऊन जात नाहीत. तुळयांना रंग किंवा लाख लावून वास आत कोंडता येईल असे कोणी सांगितले, तर त्यावर वाइन पणाला लावू नका.

---

चुन्याची निवळी

तुळया दोषी ठरल्या तरी त्या काढायलाच हव्यात असे नाही. दोष लाकडाचा आणि वाइनचा एकत्र राहण्यात आहे. कमानींचा भाग आणि हे दालन यांच्यामध्ये हवाबंद दार बसवा, दालनाला स्वतंत्र वायुवीजन द्या, आणि तिथे वाइन, बुचे, पिंपे यांपैकी काहीही ठेवू नका. मूळ तुळया वाचतात, परवानगीचा प्रश्न बराच हलका होतो. हे द्रव्य माणसांच्या आरोग्यालाही अपायकारक असल्यामुळे तो भाग पाहुण्यांसाठी मात्र खुला करू नये.

---

पाचवा वाटेकरी यांचे उत्तर

तांत्रिक भागात मला गती नाही, पण चार पिढ्यांच्या समाईक मालकीत मी वाढलो आहे, म्हणून एक गोष्ट विचारतो: इमारत आणि व्यवसाय यांची मालकी कागदोपत्री एकच आहे का? कोदोर्न्यू या स्पेनमधील घराण्याच्या वाइनच्या नोंदी १५५१ पर्यंत मागे जातात. जोसेप पुइग ई कादाफाल्क यांनी बांधलेल्या त्यांच्या तळघरांना १९७६ मध्ये राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. तरीही २०१८ मध्ये कंपनीचा बहुसंख्य हिस्सा एका गुंतवणूक कंपनीकडे गेला. वाटेकऱ्यांची संख्या पिढीगणिक वाढते, भिंती तेवढ्याच राहतात. नव्या शेडचा खर्च करण्यापूर्वी ती शेड कोणाच्या नावावर असेल, आणि जुन्या छताची दुरुस्ती व्यवसायाने करायची की सर्व वाटेकऱ्यांनी, हे लिहून घ्या. आमच्याकडे हा वाद ज्या वर्षी सुरू झाला, त्याच पावसाळ्यात छप्पर गळायला लागले होते आणि ते नंतर सहा वर्षे गळत राहिले.

---

कमानीखाली

कागद एकच आहे, आणि त्यावर आजोबांचे नाव आहे. हे काम बाकी आहे, हे मान्य.

बशा काल तीन ठिकाणी ठेवल्या. वायुमापक मागवला आहे. पश्चिमेचे दालन रिकामे करताना वडील स्वतः आले होते. शेवटचे पिंप निघाल्यावर त्यांनी वर तुळयांकडे पाहिले आणि मागच्या शेडचा आराखडा दाखव म्हणाले. प्रयोगशाळेचे आकडे आले की येथेच लिहीन.