त्या पातळ प्लास्टिकच्या चष्म्याने गॅसपासून डोळे वाचायचे का?

रणगाडाप्रेमी:
दुसऱ्या महायुद्धातले उत्तर आफ्रिकेतले फोटो बघत होतो, त्यात बऱ्याच ब्रिटिश सैनिकांच्या डोळ्यांवर किंवा हेल्मेटवर एक पारदर्शक पट्टी दिसते. कुठेतरी वाचलं की ती अँटी-गॅस आयशील्ड, म्हणजे युद्धातल्या विषारी गॅसपासून डोळे वाचवायची पट्टी होती, पण बाजू तर उघड्या दिसतात, मग गॅस आत नाही का शिरणार? का नुसतं मनाचं समाधान?

जुना_तोफखाना:
गॅस अडवायला नव्हतीच ती, थेंब अडवायला होती. मस्टर्ड गॅस म्हणतात खरं, पण साध्या तापमानाला तो तेलकट द्रव असतो, आणि ब्रिटिशांना भीती अशी की विमानातून त्याचा फवारा मारतील. शिपाई वर काय चाललंय म्हणून मान वर करणार आणि थेंब थेट डोळ्यात. मस्टर्डची गंमत म्हणजे (गंमत कसली, छळच) लागतो तेव्हा काहीच जाणवत नाही, काही तासांनी डोळे सुजून बंद होतात. म्हणून अशा हल्ल्याची शक्यता असली की शील्ड आधीच लावून ठेवायची, मास्क पिशवीत तयार. वाफेला उपाय मास्कच, तिथे ह्या शील्डचा काही उपयोग नाही.

मीनल_के:
पहिल्या महायुद्धात, १९१७ च्या जुलैत बेल्जियममधल्या ईप्रला जर्मनांनी मस्टर्ड पहिल्यांदा वापरला तेव्हाच डोळ्यांचे हाल कळले होते. एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून चाललेल्या सैनिकांची रांग तिथलीच समजतात लोक, पण तो प्रसिद्ध फोटो १९१८ चा आणि अश्रुधुराचा आहे. मस्टर्डने आंधळे झालेल्यांपैकी बहुतेकांची नजर परत आली होती, हेही सांगायला हवं.

रणगाडाप्रेमी:
ओके, फवारा हे डोक्यातच आलं नाही. पण एका पाकिटात सहा कशाला द्यायचे?

जुना_तोफखाना:
कारण थेंब पडला की तो तुकडा बाद, काढून फेकायचा आणि दुसरा लावायचा, पुसत बसलात तर मस्टर्ड हाताला. सहापैकी काही साधे आणि काही रंगीत, उन्हासाठी. युरोपच्या रणांगणावर गॅस वापरलाच गेला नाही आणि वाळवंटात धूळ भरपूर, त्यामुळे पोरांनी ते सरळ धुळीचे गॉगल म्हणून वापरून टाकले. तुझ्या फोटोत बहुतेक तेच चाललंय.

मीनल_के:
गॅस वापरला नाही पण आणला होता, १९४३ च्या डिसेंबरात इटलीत बारी बंदरावर जर्मन बॉम्बहल्ला झाला तेव्हा जॉन हार्वी ह्या अमेरिकन जहाजात मस्टर्ड बॉम्ब होते, ते पाण्यातल्या तेलात मिसळलं आणि डॉक्टरांना कुणी सांगितलंच नव्हतं. तेलाने माखलेले खलाशी तसेच ब्लँकेटात गुंडाळून ठेवले, मग डोळे जायला लागले तेव्हा शोधाशोध.